वाद्यवृंद कसा ऐकावा?

आपल्या मराठी भाषेत ‘ऐकू येणे’ आणि ‘ऐकणे’ असे दोन निरनिराळे प्रयोग आहेत. ‘मला घंटा ऐकू येते’ या वाक्यात कर्ता कोण, असे वर्गात विचारले असता पुष्कळ मुले ‘मी’ असे उत्तर देतात आणि चुकतात. तेथे कर्ता घंटा आहे. माणूस नुसता चतुर्थीत बसलेला आहे, त्यास काही करावयाचे नाही. ‘मी घंटा ऐकतो’ या वाक्यात मात्र माणूस कर्ता होतो, म्हणजे त्याच्यावर काम येऊन पडते. व्याकरणाच्या तासास हा भेद मी अनेक वर्षे शिकवीत आलो आहे. परंतु तो मला स्वतःला पुरता उमगला नव्हता. गेल्या पावसाळ्यात इयत्ता आठवीच्या एका मुलीने तो मला समजावून दिला. तो प्रसंग सांगावा आणि त्याच्या अनुषंगाने पाश्चात्त्य वाद्यवृंद कसा ऐकावा याविषयी चार शब्द लिहावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तो शनिवार होता. पावसाने मैदानाचे तळे केले होते, तेव्हा खेळाचा तास बाहेर घेणे शक्यच नव्हते. मुलांस सभागृहात बसवून, तेथील दूरचित्रवाणीच्या मोठ्या पडद्यावर, मुलांसाठी झालेल्या एका वाद्यवृंदसभेचे ध्वनिचित्रमुद्रण दाखवावे असे मी योजिले. ही सभा अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरी, कार्नेगी हॉल नामक सभागृहात, १८ जानेवारी १९५८ रोजी भरली होती. वाद्यवृंद न्यूयॉर्क फिलहार्मोनिक हा होता आणि नायक होते लेनर्ड बर्नस्टाइन. मुलांसाठी सभा भरविण्याची त्या वृंदाची चाल त्याहूनही जुनी आहे. १९२४ साली अर्नेस्ट शेलिंग नावाच्या गृहस्थांनी तेथे अशा सभांची माला सुरू केली, तेव्हा ते जादूच्या कंदिलाने पडद्यावर वाद्यांची चित्रे दाखवीत असत. बर्नस्टाइन यांनी मात्र ही सभा दूरचित्रवाणीवर आणली, आणि सभागृहात मावणाऱ्या मुलांऐवजी घरोघरची मुले एकाच वेळी ती पाहू लागली. १९५८ पासून १९७२ पर्यंत अशा ५३ सभा झाल्या. योगायोग असा की, ज्या १९७२ साली ती माला संपली, त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी मुंबईस दूरचित्रवाणीचे केंद्र सुरू झाले. त्यामुळे आपल्या भागातील त्या वेळच्या मुलांस या सभा पाहावयास मिळाल्या नाहीत. आज मात्र ती जुनी मुद्रणे आपणांस घरबसल्या पाहता येतात.

पहिल्या सभेचा विषय होता, ‘संगीताचा अर्थ काय?’ आरंभी वृंदाने रॉसिनी या इटालियन रचनाकाराच्या एका संगीतिकेच्या नांदीतील शेवटचा भाग वाजविला. घोडे चौखूर उधळावेत तसे ते संगीत आहे. वाजवून झाल्यावर बर्नस्टाइन सांगतात की, त्यांच्या पाच वर्षांच्या कन्येने हे ऐकताच त्यात एक अमेरिकन घोडेस्वार वीर ओळखला. कारण त्या वीराच्या कार्यक्रमास हेच संगीत जोडलेले होते. वास्तविक ही संगीतिका विल्यम टेल या स्विस पुरुषाविषयी आहे. मुलाच्या डोक्यावरील सफरचंद बाणाने उडविणारा तोच हा टेल. तुमच्यापैकी पुष्कळांनी ती गोष्ट वाचली असेल. १८२९ साली ती पॅरिसमध्ये रंगभूमीवर आली, आणि रॉसिनीस त्या अमेरिकन घोडेस्वाराची वार्ताही नव्हती. मग या संगीताचा अर्थ कोणता मानावयाचा? टेलचा की घोडेस्वाराचा?

पुढे ते एक मोठी गंमत करतात. सुपरमॅन हा तुरुंगात पडलेल्या आपल्या निरपराध मित्रास सोडवावयास रात्री जातो, अशी एक गोष्ट ते सांगतात आणि तिच्याप्रमाणे संगीत वाजवून दाखवितात. कैदी झोपेत घोरत आहेत, हेसुद्धा वाद्यांतून स्पष्ट ऐकू येते. मुलांची खात्री पटते. लगेच ते सांगतात की, ही गोष्ट मी तुम्हांस खोटी सांगितली. हे संगीत रिचर्ड स्ट्राऊस यांचे असून डॉन किहोटे नावाच्या एका भ्रमिष्ट सरदाराविषयी आहे. तो मेंढ्यांच्या कळपास शत्रूचे सैन्य समजून त्यावर चाल करून जातो. आणि जे तुम्हांस कैद्यांचे घोरणे वाटले, ते वास्तविक मेंढ्यांचे ओरडणे होय! मग खऱ्या गोष्टीसह तेच संगीत पुन्हा वाजते. स्वर तेच, वाद्ये तीच, आणि दोन्ही गोष्टी सारख्याच बेमालूम बसतात. यावरून ते असा निष्कर्ष काढतात की, गोष्ट ही संगीताचा अर्थ नव्हे; ती वरून चढविलेला अंगरखा आहे. संगीताचा अर्थ म्हणजे ते ऐकताना आपल्या अंतःकरणात जे हालते ते.

आता माझी चूक सांगतो. बर्नस्टाइन यांचे इंग्रजी अमेरिकन वळणाचे आणि जलद आहे. मुलांस ते समजणार नाही म्हणून मी हाती नियंत्रक घेऊन उभा राहिलो, आणि दर दोन वाक्यांनी चित्र थांबवून मराठीत समजावून सांगू लागलो. येथवर ठीक होते. परंतु शिकविण्याची सवय अशी की, संगीत सुरू झाले तरी माझे तोंड थांबेना. ‘हे पाहा, आता मेंढ्या आल्या. आता सरदार घोड्यास टाच मारतो. हा जो जाड आवाज, तो अमुक वाद्याचा,’ असे माझे भाषण स्ट्राऊसच्या संगीताबरोबर अखंड चालू राहिले. तेव्हा मागील बाकावरील एक मुलगी, जी एरवी वर्गात फारशी बोलत नाही, ती उठून उभी राहिली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, “सर, ते वाजवताना बोलत नाहीत.”

वर्गात हशा पिकला. मलाही हसू आले आणि थोडी लाजही वाटली. पोरीने नेमके हेरले होते. पडद्यावरील तो मनुष्य श्रोत्यांकडे तोंड करून बोलत होता. पण वाजविण्याची वेळ आली की, त्यांच्याकडे पाठ करून हातानेच बोलत होता. निवेदकाचे काम कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हे तिला पाहून कळले होते. मला कित्येक वर्षे शिकवूनही कळले नव्हते.

आपल्या गिरीजच्या वाड्यांत केळीस पाणी कसे लावतात ते तुम्ही पाहिले आहे. पाणी लावणारा फावड्याने आळ्याचे तोंड उघडतो आणि बाजूस होतो. तो आळ्यातच उभा राहिला तर पाणी अडते आणि चिखल मात्र होतो. निवेदक हा असा पाणी लावणारा आहे. त्याने तोंड उघडून द्यावे. प्यावयाचे ते झाडानेच.

मी ते संगीत पुन्हा पहिल्यापासून लावले आणि मागे जाऊन गप्प बसलो. बाहेर पाऊस, आत चाळीस मुले, आणि कोणी हूं की चूं करीत नाही, असा तो प्रसंग होता. संपल्यावर विचारले, कोणास काय वाटले? एकास मेंढ्याच वाटल्या. एकास वसई रोडहून सुटणारी सकाळची गर्दीची लोकल वाटली. त्या मुलीस विचारले, तेव्हा ती म्हणाली, “मला काही दिसलं नाही सर. पण छातीत धडधडलं.” बर्नस्टाइन यांनी तासाभरात जे सिद्ध केले, ते तिने दोन वाक्यांत सांगून टाकले.

पुढील शनिवारी मुलांनी आपणहून ‘तसेच आणखी’ मागितले. तेव्हा वाद्यांची ओळख व्हावी म्हणून मी दुसरी एक कृती निवडली. बेंजामिन ब्रिटन या इंग्रज रचनाकाराने ती १९४५ साली लिहिली. ब्रिटिश सरकारच्या शिक्षणखात्यास शाळांतील मुलांसाठी वाद्यवृंदाची ओळख करून देणारा चित्रपट हवा होता. त्याकरिता ही रचना झाली. १९४६ साली तो चित्रपट पुरा झाला. वृंद लंडन सिंफनीचा, आणि माल्कम सार्जंट हे त्यात वृंदाचे नायकही आहेत आणि निवेदकही. ब्रिटनने मूळ धून स्वतःची घेतली नाही. हेन्री पर्सेल नामक जुन्या इंग्रज रचनाकाराने १६९५ साली एका नाटकासाठी लिहिलेली धून त्याने उचलली आणि तिच्यावर तेरा रूपांतरे रचली.

ही कृती ऐकण्यापूर्वी वाद्यवृंदाची रचना ठाऊक असावी. त्यात चार कुळे असतात.

पहिले कुळ तंतुवाद्यांचे. व्हायोलिन, त्याहून किंचित मोठा व्हायोला, पायांमध्ये धरून वाजवावयाचा चेलो, आणि उभे राहून किंवा उंच बैठकीवर टेकून वाजवावयाचा डबल बास. घोड्याच्या शेपटीच्या केसांचा गज तारांवरून फिरविला की तार कंप पावते आणि लाकडी पेटी तो कंप मोठा करते. बोटांनी छेडावयाची हार्पही याच कुळात मोडते.

दुसरे कुळ काष्ठसुषिर वाद्यांचे. म्हणजे मूळची लाकडाची, फुंकून वाजवावयाची. फ्लूट हल्ली धातूचा असतो, तरी तो याच कुळातला. आपल्या आडव्या बासरीप्रमाणे त्यात हवा छिद्राच्या कडेवर आपटून स्वर निघतो. ओबो आणि बसून यांना बोरूच्या दोन पात्या असतात, आपल्या सनईसारख्या. क्लॅरिनेटला एकच पाती असते. सभा सुरू होण्यापूर्वी ओबोवाला एक लांब स्वर धरतो आणि सर्व वाद्ये त्याच्याशी मिळवून घेतात. चर्चच्या गायकवृंदात ‘डो रे मी’ शिकलेल्या मुलांस सांगावयाचे, तर तो ‘ला’ होय.

तिसरे कुळ पितळी वाद्यांचे. हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि ट्यूबा. यांत पाती नसते. वाजविणाऱ्याचे ओठच पात्यांप्रमाणे थरथरतात. चौथे कुळ आघातवाद्यांचे. नगारे, ढोल, झांजा, त्रिकोण इत्यादी.

ब्रिटनच्या कृतीत प्रथम सर्व वृंद मिळून पर्सेलची धून वाजवितो. मग एकेक कुळ तीच धून आपापल्या आवाजात वाजवून दाखविते, आणि पुन्हा सर्व मिळून वाजवितात. पुढे एकेका वाद्याची पाळी येते. फ्लूट व त्याचे धाकटे भावंड पिकोलो, ओबो, क्लॅरिनेट, बसून, व्हायोलिन, व्हायोला, चेलो, डबल बास, हार्प, हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन व ट्यूबा, आणि शेवटी आघातवाद्ये. प्रत्येकाचे एक, अशी ती तेरा रूपांतरे होत. अशा रीतीने वाद्यवृंद सुटा करून दाखविल्यावर ब्रिटन तो पुन्हा जोडतो. पिकोलो एक नवी चपळ धून सुरू करतो; तिच्यामागून फ्लूट, मग ओबो, असे प्रत्येक वाद्य पूर्वीच्याच क्रमाने तीच धून घेऊन आत शिरते. आपल्या सणाच्या मिरवणुकीत प्रत्येक आळीतून माणसे येऊन मिळतात आणि मिरवणूक वाढत जाते, तसे हे संगीत दाट होत जाते. सर्व आत आल्यावर पितळी वाद्ये पर्सेलची जुनी धून संथ आणि भरदार स्वरात त्या गर्दीवर मांडतात. दोन्ही धुना एकाच वेळी, एकीस दुसरीचा अडथळा न होता, शेवटास जातात.

येथे आपल्या आणि पाश्चात्त्य संगीतातील एक फरक ध्यानात घ्यावयाचा. आपल्या गायनात एकच मुख्य स्वरमाला असते, तिच्यामागे तंबोरा आणि ताल. पाश्चात्त्य वृंदात अनेक स्वरमाला एकाच वेळी चालतात. चर्चच्या गायकवृंदात ज्याप्रमाणे एकाच गीताचे चार आवाज असतात, दोन स्त्रियांचे व दोन पुरुषांचे, तद्वत. वरचा आवाज सर्वांस ऐकू येतो. तळाचा आवाजही, जाड असल्यामुळे, कळतो. मधले आवाज मात्र ऐकावे लागतात.

व्हायोला हे अशा मधल्या आवाजाचे वाद्य आहे. व्हायोलिनच्या चमकदार स्वराखाली आणि चेलोच्या गंभीर स्वरावर तो भराव घालीत असतो. त्यास स्वतंत्र बोलण्याची संधी क्वचितच मिळते. ब्रिटनने त्यास ती दिली आहे. ते रूपांतर संथ आहे, किंचित उदास आहे, आणि त्यातील आवाज असा आहे की, जणू काही घरातील अबोल माणसाने एके दिवशी आपण होऊन बोलावयास आरंभ करावा. ते वाजत असता मी जागेवरून उठलो आणि पावसाची झड आत येते की काय हे पाहण्याकरिता खिडकीशी जाऊन उभा राहिलो. झड येत नव्हती.

त्याचे कारण आता सांगितले पाहिजे.

माझे वडील वाडी करीत. पहाटे भाजीचे ओझे घेऊन गाडीने दादरला जावे, दुपारी परत येऊन वाडीत खपावे, आणि संध्याकाळी ओटीवर बसून क्लॅरिनेट वाजवावे, असा त्यांचा क्रम होता. चर्चमधील गायनमास्तरांपाशी ते लहानपणी स्वरलिपी वाचावयास शिकले होते आणि गावच्या बँडमध्ये दुसरे क्लॅरिनेट वाजवीत. दुसरे म्हणजे, धून वाजवितो तो पहिला; दुसऱ्याने त्याखालचे स्वर धरावयाचे. त्यामुळे ओटीवर एकटे बसून ते जे वाजवीत, त्यात गाणे म्हणून काही नसे. लांबच लांब स्वर, मध्येच थांबणे, पुन्हा दोन स्वर. आळीतील पोरे मला चिडवीत, ‘तुझे बाबा नुसते पों पों करतात!’ मला त्याची शरम वाटे. एकदा मी रागाने विचारले, “बाबा, तुम्हांला गाणं वाजवता येत नाही का?”

ते रागावले नाहीत. म्हणाले, “गाणं दुसरे वाजवतात. मी त्याच्याखाली उभा असतो.”

मला ते समजले नाही, आणि समजून घेण्याची इच्छाही नव्हती.

एका वर्षी सणाच्या मिरवणुकीच्या वेळी ते तापाने अंथरुणास खिळले होते. बँड निघाला. मी बरोबर चालत होतो. तीच धून, तेच ढोल, तेच ट्रम्पेट. परंतु काहीतरी बिनसले होते. माप भरताना धान्य हलवून बसविले नाही म्हणजे जसे ते पोकळ राहते, तसा तो बँड मला पोकळ वाटला. घरी आल्यावर खाटेवरून त्यांनी विचारले, “कसा झाला बँड?” मी म्हणालो, “कसातरीच वाटला. काय झालं ते कळलं नाही.” त्यांनी डोळे मिटले आणि हसले. “तेवढं कळलं ना, पुष्कळ झालं,” एवढेच म्हणाले.

ते जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. त्यांच्या हयातीत बँड मला ऐकू येत होता. त्यांचे वाजविणे मी कधी ऐकले नाही. एका जुन्या चित्रपटातील निवेदकाने व्हायोलाचे नाव घेतले आणि तो गप्प राहिला, तेव्हा कोठे मला ते प्रथम ऐकता आले.

मुलांस हे सारे मी सांगितले. तेव्हा एका मुलाने प्रामाणिकपणे शंका काढली की, हे साहेब लोकांचे संगीत, त्याच्याशी आपला संबंध काय? शंका रास्त आहे, म्हणून तिचे उत्तर येथेही देतो. ज्या न्यूयॉर्क वृंदाच्या सभा आपण पाहिल्या, त्याच वृंदाचे नायकपद १९७८ पासून १९९१ पर्यंत मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता यांजकडे होते. त्यांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ साली मुंबईस बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला, आणि त्या घरातील मुलाच्या कानावर जन्मापासून तेच स्वर पडले. १९५४ साली तो मुलगा शिक्षणास व्हिएन्नास गेला. मुंबईच्या वृंदांत गोव्याहून आलेले पुष्कळ वादक असत. गोव्यातील चर्चच्या शाळांत लहान मुलांस स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविण्याची पद्धत होती, आणि तेथे तयार झालेल्या वादकांनीच पुढे आपल्या चित्रपटसंगीताचे वृंद उभे केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकीच. प्यारेलाल यांनी व्हायोलिनचे धडे त्यांच्यापाशी घेतले, आणि ‘अमर अकबर अँथनी’ या १९७७ सालच्या चित्रपटातील गीतात त्यांचे नाव गुंफून शिष्याने गुरूचे ऋण मानले. याच गोन्साल्विस यांनी १९५८ साली, म्हणजे ज्या वर्षी बर्नस्टाइन न्यूयॉर्कच्या मुलांशी बोलू लागले त्याच वर्षी, मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजच्या प्रांगणात भारतीय रागांवर बेतलेल्या आपल्या रचना मोठ्या वृंदाकडून वाजवून घेतल्या. तेव्हा, मुलांनो, जुन्या हिंदी गीतांत गायकाच्या आवाजामागे जे व्हायोलिनांचे थवे उठतात, ते पर्सेल आणि ब्रिटन यांच्या गोतावळ्यातलेच आहेत. ते तुम्हांस आजवर ऐकू येत होते. आता ते ऐकावयाचे.

कसे, ते सांगतो. कोणतीही एक लहान रचना घ्यावी आणि ती तीन वेळा ऐकावी. पहिल्या वेळी काहीच शोधू नये. मन मोकळे ठेवावे. दुसऱ्या वेळी सर्वांत वरचा आवाज सोडून द्यावा आणि तळाचा आवाज धरावा. तिसऱ्या वेळी मधला एखादा आवाज धरण्याचा यत्न करावा. तो निसटेल, पुन्हा धरावा. वाजत असता बोलू नये, आणि शेजाऱ्यासही समजावून सांगू नये. तो मोह किती अनावर असतो हे मी अनुभवाने जाणतो. संपल्यावर काय वाटले ते वहीत दोन ओळींत लिहावे. गोष्ट सुचली तर लिहावी, न सुचली तरी बिघडत नाही. छातीत धडधडले एवढे लिहिले तरी तो संपूर्ण निबंध आहे.

पालकांस एक विनंती. ‘याला गुण किती?’ असा प्रश्न सभेनंतर एका पालकांनी मला विचारला. गुण नाहीत. परंतु चाळीस जण एकाच वेळी आपापले निरनिराळे काम करीत असता, दुसऱ्याचा स्वर ऐकून आपला स्वर त्यात बसविणे, ही विद्या ज्या घरास आणि ज्या गावास नको असेल असे घर व गाव मला ठाऊक नाही. मुंबईस नरिमन पॉइंट येथील राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा वृंद स्थापन झाला आहे. वसईहून चर्चगेटपर्यंत गाडी जाते. वर्षातून एकदा मुलांस तेथे न्यावे. आणि तेही न साधल्यास आपल्या गावच्या सणाचा बँड तरी त्यांना उभे राहून ऐकू द्यावा. मिरवणुकीत जो वादक सर्वांत कमी वाजवितो असे वाटते, त्याच्याजवळ मुलास नेऊन उभे करावे आणि आपण गप्प राहावे.

त्या शनिवारनंतर मुलांच्या आग्रहास्तव मी वडिलांचे क्लॅरिनेट ट्रंकेतून काढून शाळेत आणले. बुचे सुकली होती आणि गाद्या कसरीने खाल्ल्या होत्या. प्रत्येक मुलाने ते हातात घेऊन पाहिले. आता ते दुरुस्तीस गेले आहे. परत आल्यावर ते कोणी शिकावे हे अजून ठरावयाचे आहे. चार मुलांनी नावे दिली असून, चौघांनीही आपणांस पहिले क्लॅरिनेट मिळावे असे कळविले आहे. पाचवे नाव त्या मागील बाकावरील मुलीचे आहे. तिने ‘दुसरे चालेल’ असे लिहिले आहे.